बेल्जिका-७९०४ : पाण्याने बदललेला अशनी नंतर तापला, हे कशावरून ठरते?

शिलाजिज्ञासू : मर्चिसन (ऑस्ट्रेलिया, १९६९) या कार्बनी अशनीत पाणी धरून ठेवणारी खनिजे विपुल आहेत. अंटार्क्टिकात सापडलेल्या बेल्जिका-७९०४ मध्ये मात्र ती जवळपास नाहीत, तरीही हा अशनी आधी पाण्याने बदलला आणि मग तापला, असे अभ्यासक सांगतात. त्याला पाणी कधी लागलेच नव्हते, असे का मानू नये? शिवाय वातावरणातून येताना प्रत्येक अशनी तापतो. ती उष्णता वेगळी कशी काढतात?

अभ्रक : दुसरा प्रश्न लवकर सुटतो. वातावरणातला प्रवास काही सेकंदांचा असतो आणि दगड उष्णता सावकाश वाहून नेतो, म्हणून वितळलेले काळे कवच जेमतेम मिलिमीटरभर जाडीचे होते व आतला भाग थंडच राहतो. नमुना कवचापासून दूर, आतून घेतला की ही अडचण उरत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर खनिजांच्या क्रमात आहे. मर्चिसनच्या बारीक भरणद्रव्यात (मोठ्या कणांमधली जागा भरणाऱ्या द्रव्यात) सर्पेंटाइन हे पाणी धरून ठेवणारे खनिज आणि टोचिलिनाइट हे लोह-गंधकयुक्त खनिज एकमेकांत गुंतलेले दिसतात. टोचिलिनाइट सुमारे २५० अंश सेल्सिअसलाच मोडते. तापमान आणखी वाढले की सर्पेंटाइनमधले हायड्रॉक्सिल (पाण्याचा खनिजात बांधलेला अंश, OH) निघून जाते आणि त्याची स्फटिकरचना ढासळते. क्ष-किरण आलेखावरचे, सर्पेंटाइनच्या थरांमधले ०.७ नॅनोमीटर अंतर दाखवणारे शिखर तेव्हा नाहीसे होते. साधारण ७५० अंशांच्या पुढे त्याच द्रव्यातून ऑलिव्हिन या पाणी नसलेल्या खनिजाचे अतिसूक्ष्म कण नव्याने तयार होतात. बेल्जिकात हेच ऑलिव्हिन आढळते, पण सर्पेंटाइनची तंतुमय, पापुद्र्यांची ठेवण तशीच राहिलेली आहे. विटेत भुशाचे ठसे राहावेत तसे हे आहे. पाणी कधी लागलेच नसते, तर ही ठेवण आली कोठून?

कोंड्रूल : अभ्रक यांच्या उत्तराला तापण्याच्या कालावधीची जोड द्यावीशी वाटते, कारण माझ्या मते खरी मेख तिथे आहे. आयेंदे (मेक्सिको, १९६९) हा अशनी जनक ग्रहिकेच्या, म्हणजे तो ज्या मूळ पिंडाचा तुकडा आहे त्याच्या, पोटात दीर्घकाळ तापला. ही उष्णता ॲल्युमिनियम-२६ या किरणोत्सारी अणूच्या क्षयातून येते आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे ७ लाख वर्षे असल्याने ती आच मंद आणि लांबलेली होती. बेल्जिकात मात्र कोंड्रूलांमधील (अशनीतल्या, वितळून गोठलेल्या गोलसर कणांमधील) ऑलिव्हिनच्या कणांत लोह आणि मॅग्नेशियम यांचे प्रमाण गाभ्यापासून कडेपर्यंत अजूनही बदलते. इतक्या उच्च तापमानात हजारो वर्षे गेली असती, तर हा फरक विसरणाने (अणू हळूहळू पसरून मिसळल्याने) पुसला गेला असता. म्हणून आघाताची उष्णता किंवा सूर्याजवळून गेलेली कक्षा, ही अल्पकालीन कारणे अधिक पटतात. या दोहोंत निवड करणे मात्र खनिजांवरून सहसा जमत नाही.

शिलाजिज्ञासू : दोघांचेही आभार. मग र्‍यूगू या लघुग्रहालाही हेच लागू होते का? तोही तापलेला असल्याचे सांगितले जात होते.

अभ्रक : तसा अंदाज र्‍यूगूवर गेलेल्या जपानच्या हायाबुसा-२ यानाच्या निरीक्षणांवरून होता, कारण पृष्ठभागाच्या वर्णपटात हायड्रॉक्सिलची खूण फिकी दिसली. डिसेंबर २०२० मध्ये पृथ्वीवर आलेल्या सुमारे ५.४ ग्रॅम नमुन्यात मात्र सर्पेंटाइन आणि सॅपोनाइट ही पाणी धरून ठेवणारी खनिजे शाबूत निघाली आणि बहुतांश द्रव्य फारसे तापलेले नव्हते. सौरवारा आणि सूक्ष्म आघातांमुळे वरच्या पातळ थराचे पाणी कमी झाले, तरी वर्णपट तसाच दिसतो. त्यामुळे दुरून घेतलेल्या वर्णपटावरून लघुग्रहाच्या आतले तापमान सांगता येत नाही.