सारखेच शेड, सारखेच खाद्य, तरी डुकरांच्या वागण्यात फरक का?

प्रश्न (मोहोळ, जि. सोलापूर)
नमस्कार. आमच्याकडे लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीची डुकरे आहेत. यंदा पिल्ले दोन ठिकाणांहून आणली. काही मोकळ्या आवारात माती उकरत वाढलेली, तर काही जन्मापासून सिमेंटच्या कोब्यावरची. आता दोन्ही गट शेजारच्या कप्प्यांत, सारख्याच कोब्यावर आहेत. तरीही मातीतली पिल्ले एकमेकांच्या शेपट्या चावतात आणि कोब्यावरची पिल्ले माणूस आत शिरताच कोपऱ्यात दाटी करतात. जात एकच असताना असे का व्हावे? दोन्ही गट एकत्र केले तर फरक पडेल का?

उत्तर (पशुवैद्यक, बार्शी)
नाकाने उकरणे आणि चघळणे ही डुकराची उपजत गरज आहे. एडिनबरोजवळ बंदिस्त शेडमधली डुकरे झाडीच्या मोठ्या आवारात सोडून त्यांचे दीर्घ निरीक्षण करण्यात आले, तेव्हा ती रानडुकरांप्रमाणेच उकरू लागली आणि माद्यांनी विण्यापूर्वी घरटी बांधली. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बंदिस्त राहूनही ही ओढ जात नाही. उकरायला काहीच नसले की तेच तोंड शेजाऱ्याच्या शेपटीकडे आणि कानाकडे वळते. त्यातही मिळालेले सुख हिरावले जाणे अधिक जाचते. ब्रिटनमध्ये 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, समृद्ध जागेत राहून नंतर ओक्याबोक्या जागेत हलवलेल्या डुकरांवर त्या बदलाचा अधिक वाईट परिणाम दिसला. आपल्या पहिल्या गटाचे दुखणे मला हेच वाटते. शेपट्या छाटणे हा त्यावरचा उपाय नव्हे. युरोपीय संघाच्या 2008 च्या निर्देशानेही सरसकट शेपट्या छाटण्यास मनाई केली आहे.

उत्तर (वराहपालक, माढा)
डॉक्टरांचे म्हणणे पटते. दुसऱ्या गटाबद्दल मात्र मी माणसाच्या वागणुकीकडे बोट दाखवेन. फटके खाल्लेली पिल्ले प्रत्येक माणसाला भितात आणि सतत भ्यायलेल्या डुकराची वाढही मंदावते, हे ऑस्ट्रेलियातील संशोधनातही दिसून आले आहे. रोज एकाच व्यक्तीने खाद्य द्यावे, थोडा वेळ आत शांत बसावे आणि पिल्लू आपणहून हुंगायला येईपर्यंत हात पुढे करू नये.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आमच्या भागात उसाचे पाचट मुबलक मिळते. पण एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांच्या वर जातो, तेव्हा ते अंथरावे का?

उत्तर (पशुवैद्यक, बार्शी)
अवश्य, पण संपूर्ण कप्प्यात नको. डुकराला घामाने अंग थंड करता येत नाही. म्हणून ते चिखलात लोळते आणि चिखल नसेल तर स्वतःच्या मलमूत्रातही लोळते. एका बाजूला कोरडे, बुरशी नसलेले पाचट ठेवून ते रोज थोडे नवे घालावे आणि दुसरी बाजू मोकळी व ओली ठेवावी, कारण उष्म्याने आलेली अस्वस्थताही शेपटी चावण्यास कारण ठरते. ज्याच्या शेपटीला रक्त आले असेल, ते पिल्लू आजच वेगळे करावे. रक्ताच्या चवीने इतर पिल्लेही चावू लागतात. दोन्ही गट मात्र एकत्र करू नयेत. अनोळखी डुकरे कळपातला क्रम ठरेपर्यंत जोराने भांडतात आणि आधीच बिथरलेल्या पिल्लांना ते सोसणार नाही.