निवणे, निववणे आणि आटणे: अवरक्त दुर्बिणींच्या थंडाव्याचे शब्द

अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण टिपणाऱ्या अवकाशातल्या दुर्बिणींना फार थंड करावं लागतं. या 'क्रायोजेनिक कूलिंग'ला मराठीत काय म्हणावं, असं तुम्ही विचारलंत. 'अतिशीतन' हा शब्द सुचतो खरा, पण द्रव गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रवच राहतो त्या क्रियेलाही तो वापरतात, म्हणून घोटाळा होतो. 'गोठवणे' तर नकोच. गोठणं म्हणजे द्रवाचं घन होणं. दुर्बिणीत तसं काही होत नाही.

मला वाटतं, इथे एका शब्दाने भागणारच नाही. आचेवरून उतरवलेलं पाणी आपोआप निवतं. जेम्स वेब दुर्बीण बव्हंशी अशीच निवते. पाच पदरांचा पडदा ऊन अडवतो, आणि सावलीतले आरसे व उपकरणं आपली उष्णता अवकाशात सोडत सुमारे ४० केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २३३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतात. 'पॅसिव्ह कूलिंग'ला 'निष्क्रिय शीतन' म्हटलं की काहीतरी बंद पडल्यासारखं वाटतं. 'निवणे' म्हटलं की काय घडतंय ते डोळ्यांपुढे येतं.

तिच्यावरच्या 'मिरी' या उपकरणाला मात्र ७ केल्विनच्याही खाली न्यावं लागतं, नाहीतर शोधकाच्या, म्हणजे किरण टिपणाऱ्या भागाच्या, स्वतःच्या उष्णतेचाच गोंगाट दूरच्या मंद प्रकाशावर मात करतो. त्यासाठी हेलियम वायू खेळवणारं शीतयंत्र आहे. म्हणजे मिरी निवत नाही, त्याला निववावं लागतं. एका 'व'ने केवढा फरक सांगितला!

जुन्या दुर्बिणी द्रवरूप हेलियम सोबत नेत. त्याची हळूहळू वाफ होई आणि ती उष्णता घेऊन बाहेर पडे. म्हणून हेलियम 'संपला' यापेक्षा 'आटला' हे मला जास्त नेमकं वाटतं. १९८३ साली 'आयरास' या अवरक्त दुर्बिणीचा हेलियम दहा महिन्यांत आटला आणि तिचं काम थांबलं. २००३ साली अवकाशात गेलेल्या स्पिट्झर दुर्बिणीचा मे २००९ मध्ये आटला, पण तिच्या दोन सर्वांत लहान तरंगलांबींच्या पट्ट्यांवरचं काम जानेवारी २०२० पर्यंत चाललं.

या दुसऱ्या टप्प्याला इंग्रजीत 'वॉर्म मिशन' म्हणतात. त्याचं 'उबदार मोहीम' करू नका, ही कळकळीची विनंती. उबदार असते ती रजई. स्पिट्झर तेव्हाही उणे २४० अंशांच्या खालीच होती. मी 'हेलियमोत्तर मोहीम' लिहितो. शब्द जरा जड आहे, पण खरा आहे.