मदत हवी: बीजोत्पादनाची नोकरी सोडतोय, करारनामे आणि बियाणं कोणाच्या हवाली करू?

नमस्कार मंडळी. देऊळगाव राजा तालुक्यात एका बियाणे कंपनीकडे शेडनेटमधल्या मिरची-टोमॅटोच्या बीजोत्पादनावर सुपरवायझर आहे. राजीनामा दिलाय, नोटीस पिरियड संपत आलाय. साहेब फोनवर म्हणतात, "सगळं गोदामात टाकून जा." पोच द्यायला मात्र कोणी तयार नाही.

माझ्याकडे कंपनीचा टॅब, सिमकार्ड, प्लॉट तपासणीची वही आणि नराच्या (संकरासाठी परागकण देणाऱ्या वाणाच्या) बियाण्याची सीलबंद पाकिटं आहेत. टॅबचं काय, फार तर पगारातून कापतील. पण एक पाकीट इकडचं तिकडे झालं तर कंपनीचं वाण बाहेर फुटलं म्हणून बोट माझ्याकडेच येणार.

खरी काळजी करारनाम्यांची आहे. शेतकऱ्यांच्या सह्या झाल्या, पण त्यांच्या प्रती अजून माझ्याच फायलीत आहेत. माल दिला की लगेच पैसे मिळत नाहीत, जीओटीचा (बियाणं लावून, वाढवून त्याची शुद्धता बघायच्या चाचणीचा) निकाल लागेपर्यंत थांबावं लागतं. दर किती, नमुना नापास झाला तर काय, हे सगळं त्याच कागदावर लिहिलेलं. चिमट्याने एकेक कळी उघडून पुंकेसर काढणाऱ्या बायांच्या मजुरीचे पैसेसुद्धा मालाच्या पैशातूनच सुटतात. माझ्या शब्दावर या लोकांनी प्लॉट घेतले. त्यांच्या प्रती मी त्यांना वाटल्या तर कंपनी माझ्यावर काही करू शकते का? आणि माझ्या फोनमध्ये त्यांचे आधार, पासबुक, सातबाऱ्याचे फोटो आहेत, त्यांचं काय करू?

प्रतिसाद:

दादा, पोच मिळत नाही म्हणून सामान अडवून मात्र ठेवू नका. कंपनीची वस्तू बेकायदा अडवून ठेवली तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४५२ खाली १ ते ५ लाख दंड आहे. लॉट नंबरसकट यादी करा, साहेबांना ई-मेल करा, गोदामातल्या माणसाची यादीवर सही घ्या. तो नाही म्हणाला तर पाकिटं मोजतानाचा व्हिडिओ काढून त्याच मेलवर टाका. टॅबमधून आपलं खातं काढा, पण टॅब रिसेट करू नका. त्यातल्या नोंदी कंपनीच्या आहेत.

करारावर "शेतकऱ्याची प्रत" लिहिलेलं असेल तर ती त्याच्याच हातात जायला हवी. मेलमध्ये तसं आधी कळवा, मग वाटा आणि प्रत्येकाची सही घ्या. कंपनीची प्रत घरी ठेवू नका. फोटो कंपनीकडे पोचलेत का बघा आणि तुमच्या फोनमधून काढून टाका, जमलं तर त्या शेतकऱ्यासमोरच.