छत्तिसाव्या वर्षी समाजकार्याचं प्रशिक्षण घ्यायचं आहे, कोर्स निवडताना काय पाहू?

पाऊलवाट

नमस्कार. वय ३६. शाळा संपली तिथेच माझं शिक्षण थांबलं. पुढे चौदा वर्षं हिशेबाचं काम केलं. त्यातली शेवटची साडेतीन वर्षं आई अंथरुणावर होती, म्हणून अर्धा दिवसच काम करायचो.

त्या काळात रुग्णालयातून एक समाजसेविका ताई घरी यायच्या. पहिल्या भेटीत आईची चौकशी झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही सलग झोपलात त्याला किती दिवस झाले?" तोवर हे मला कुणी विचारलंच नव्हतं. त्या आमच्याकडे एकूण सहा वेळा आल्या. आई गेल्यावर मनात पक्कं झालं की हे काम आपल्याला शिकायचं आहे.

गेले आठ महिने आठवड्यातून दोनदा ज्येष्ठांच्या दिवसा-केंद्रात स्वयंसेवक म्हणून जातो. आता रीतसर शिकायचं म्हणतो. समोर दोन कोर्स आहेत. एक सहा महिन्यांचा, पूर्ण ऑनलाइन. त्यात क्षेत्रकार्य, म्हणजे संस्थेत जाऊन प्रत्यक्ष काम करणं, 'ऐच्छिक' आहे आणि जागा आपली आपण शोधायची. दुसरा दोन वर्षांचा, संध्याकाळचे वर्ग आणि आठवड्यातले दोन दिवस एखाद्या संस्थेत काम. नोकरी सांभाळून दुसरा जमवायचा तर ओढाताण होणार.

घरचे म्हणतात, सेवा करायला प्रमाणपत्र कशाला लागतं? आठ महिने करतोच आहेस की. त्यांना काय उत्तर द्यावं ते मला सुचत नाही.

आणखी एक, हे लिहायला जड जातंय. मला रडू येतं. मागच्या महिन्यात केंद्रातले एक आजोबा मुलाबद्दल बोलत होते. मी "पाणी आणतो" म्हणून उठलो आणि बाथरूममध्ये जाऊन रडलो. अशा माणसाने या क्षेत्रात यावं का?

---

कोरीवही

दादा, मी असाच दोन वर्षांचा कोर्स गेल्या वर्षी पूर्ण केला. आता किशोरवयीन मुलांच्या केंद्रात काम करते.

क्षेत्रकार्य ऐच्छिक असेल तर तो कोर्स नकोच. अमेरिकेत समाजकार्याच्या पदवीला किमान ४०० तास आणि पदव्युत्तरला ९०० तास क्षेत्रात काढावे लागतात, ते पुस्तकातून येत नाही म्हणूनच. तास मात्र नुसते भरू नका. माझ्या पहिल्या संस्थेत मला तीन आठवडे नोंदवहीत नावं उतरवायला बसवलं होतं. तक्रार करायला मी घाबरत होते. शेवटी आमच्या शिक्षिकांनी जागा बदलून दिली. म्हणून प्रवेशाआधी विचारून घ्या की क्षेत्रकार्याची जागा कोण ठरवतं, तिथे आमच्यावर देखरेख कोण करतं, आणि ती व्यक्ती आठवड्यातून किती वेळ आमच्यासोबत बसते.

सगळ्यात जड गेलं ते संवाद लिहिणं. एखाद्याशी अर्धा तास बोलून आलं की आठवेल तसं शब्दशः लिहायचं. एका रकान्यात ते काय म्हणाले, दुसऱ्यात मी काय म्हणाले, तिसऱ्यात त्या क्षणी माझ्या मनात काय चाललं होतं. पहिल्याच वहीत शिक्षिकेने सात ठिकाणी लाल खूण केली. त्या सातही ठिकाणी समोरचा गप्प झाला होता आणि ती शांतता मी घाईने भरून काढली होती. कागदावर येईपर्यंत मला त्याचा पत्ताही नव्हता.

जाता जाता, चारित्र्य पडताळणीचा अर्ज लवकर करा. मुलं किंवा ज्येष्ठ असतात अशा बऱ्याच ठिकाणी त्याशिवाय काम करू देत नाहीत, आणि तो कागद यायला वेळ लागतो.

---

निंबाचीसावली

पाऊलवाट, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज सकाळी पुन्हा वाचला. मी १९ वर्षं कुटुंबकल्याणाच्या कामात आहे. गेली ११ वर्षं क्षेत्रकार्याला येणारे विद्यार्थी माझ्या हाताखाली असतात.

आधी घरच्यांच्या प्रश्नाचं बघू. माझ्या पहिल्या वर्षी माझ्याकडे प्रशिक्षण नव्हतं, उत्साह भरपूर होता. संध्याकाळच्या अभ्यासिकेत १४ वर्षांची एक मुलगी यायची. एकदा सगळे गेल्यावर ती मागे थांबली आणि म्हणाली, "कुणाला सांगणार नसाल तर एक सांगते." मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "शपथ, कुणालाही नाही सांगणार."

तिने जे सांगितलं ते पोटात ठेवण्यासारखं नव्हतं. घरात तिला इजा होत होती, आणि घरात तिचा लहान भाऊही होता. मी दोन दिवस ते घेऊन फिरले. जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी वरिष्ठांना सांगितलं, पुढची यंत्रणा हलली, दोघं मुलं सुरक्षित जागी गेली. सांगितलं ते बरोबरच केलं, आजही तेच करीन. पण निघताना तिने मला एवढंच विचारलं, "मग शपथ का घेतली?" त्यानंतर ती माझ्याशी कधी बोलली नाही.

पुढच्या वर्षी मी प्रशिक्षणाला गेले. दुसऱ्याच आठवड्यात गोपनीयतेवर तास होता आणि तिथे आम्हाला एक वाक्य शिकवलं. समोरच्याने तोंड उघडण्याआधी म्हणायचं: "तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं, तर मला ते आणखी एका माणसाला सांगावं लागेल, आणि तसं करण्याआधी मी तुला सांगेन." जोड्या करून आम्ही ते इतक्या वेळा म्हटलं की माझा घसा बसला. त्या दिवशी घरी जाऊन मी खूप वेळ दिवा न लावता बसून होते. हे एक वाक्य मला वर्षभर आधी माहीत असायला हवं होतं.

घरच्यांना हे सांगा. माया तुमच्याकडे आहेच. पण मायेच्या भरात आपण जी वचनं देतो, त्यांची किंमत समोरचा माणूस मोजतो.

तुमच्या शिक्षणाबद्दल. मेरी रिचमंड हे नाव कोर्समध्ये लवकरच भेटेल. आईवडील लहानपणीच गेले, बाल्टिमोरमध्ये आजी आणि मावश्यांनी वाढवलं, शाळेपुढे शिक्षण नाही. कारकुनी आणि हिशेबाची कामं करत १८८९ मध्ये त्या तिथल्या एका धर्मादाय संस्थेत साहाय्यक कोषाध्यक्ष म्हणून लागल्या. तिथे गरजूंच्या घरी जाताना त्यांनी पाहिलं की चांगल्या मनाची माणसं प्रत्येक घरी त्याच त्या चुका करतात, आणि एकाचा अनुभव दुसऱ्यापर्यंत पोचतच नाही. १८९७ मध्ये टोरांटोच्या परिषदेत त्यांनी या कामासाठी प्रशिक्षणाची शाळा हवी असं मांडलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग भरला. कोलंबिया विद्यापीठातल्या समाजकार्याच्या शाळेचा उगम तोच. हिशेब लिहिणाऱ्या बाईंनी हा मार्ग आखलाय, तेव्हा तुमची चौदा वर्षं वाया गेली असं समजू नका. केसची नोंद नीट ठेवणारा माणूस आमच्याकडे फार दुर्मिळ. काय पाहिलं, काय ऐकलं आणि त्यावरून मला काय वाटतं, या तीन गोष्टी एकमेकींत मिसळू न देता लिहायच्या असतात. "घर अस्वच्छ होतं" असं नाही, "दोन दिवसांची भांडी मोरीत होती" असं. ती सवय तुमच्या हातात असणार.

आता रडण्याचं. समाजकार्य शिकवणारे फेलिक्स बायस्टेक म्हणून एक येशुसंघी धर्मगुरू होते. मदत करणारा आणि मदत घेणारा यांच्या नात्याची सात तत्त्वं त्यांनी १९५७ मध्ये मांडली. त्यातलं एक म्हणजे भावनिक सहभाग, पण ताब्यात ठेवलेला. त्यात 'सहभाग' हा शब्द आहे, इकडे लक्ष द्या. दगड व्हा असं ते म्हणत नाहीत. आजोबांचं दुःख तुमच्यापर्यंत पोचलं हे चांगलंच झालं. तुम्ही उठून गेलात आणि आजोबांचं बोलणं अर्धवट राहिलं, काम करण्यासारखी जागा ती आहे. देखरेख करणाऱ्या अनुभवी माणसासोबत बसून आपल्या कामाबद्दल बोलायचं, ती सुपरव्हिजन असते ती यासाठीच. माझ्या विद्यार्थ्यांना मी अशा वेळी एकच विचारते: तेव्हा तुम्ही कुणासाठी रडत होता? उत्तर इथे लिहायला हवं असं नाही.

एक साधन आजच सांगते, मी ते पहिल्या आठवड्यात करून घेते. अ‍ॅन हार्टमन यांनी १९७५ मध्ये बालकल्याणाच्या कामासाठी ही पद्धत तयार केली. मोठा कागद घ्या. मधल्या वर्तुळात कुटुंब. भोवती वर्तुळं काढा: नातेवाईक, काम, दवाखाना, शेजार, मित्र, जे असेल ते. नातं घट्ट असेल तर जाड रेघ, नावापुरतं असेल तर तुटक रेघ, ताणाचं असेल तर रेघेवर आडव्या काट्या. मग बाण: शक्ती कुणाकडून कुणाकडे जाते? तासाभराच्या मुलाखतीत निघत नाही ते या कागदावर पंधरा मिनिटांत दिसतं. पेन्सिल मात्र समोरच्याच्या हातात द्यायची. पहिल्यांदा हा नकाशा स्वतःचा काढा.

---

दगडीउंबरा

ताईंनी एकेका कुटुंबासोबतच्या कामाचं सगळं सांगितलं. मी वस्ती संघटनाच्या बाजूने थोडं जोडतो. कोर्समध्ये समूहासोबत काम करायला शिकवतात का, तेही पाहा. शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या दोन पायऱ्यांवर सहभागाचं नुसतं नाव असतं, मधल्या तीनवर लोकांचं ऐकलं जातं पण निर्णय दुसरेच घेतात, वरच्या तीनवर निर्णयाची सत्ता खरोखर लोकांकडे सरकते. तुमच्या केंद्रात दिवसभराचा कार्यक्रम कोण ठरवतं? आजी-आजोबांना विचारतात, की ठरल्यावर सांगतात? पुढच्या वेळी हे बघून या, अर्धा अभ्यासक्रम तिथेच दिसेल.

पगाराबद्दल कुणीच बोललं नाही. तो बेताचा असतो, आणि बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पाच्या निधीवर असल्याने मुदतीच्या असतात. दोन वर्षांपूर्वीची तुकडी आज कुठे काम करते, हे कोर्सवाल्यांना स्पष्ट विचारा. उत्तर द्यायला ते कां-कूं करू लागले तर सावध व्हा.

---

पाऊलवाट

तिघांचे मनापासून आभार. चार दिवसांनी लिहितोय, कारण जाऊन आलो.

दोन वर्षांच्या कोर्सच्या समन्वयकांना भेटलो. देखरेखीसाठी दर आठवड्याला एक तास, आणि तो वेळापत्रकातच आहे. जागा ते ठरवतात. मागच्या तुकडीतल्या दोघांशी माझं फोनवर बोलणंही करून दिलं. सहा महिन्यांच्या कोर्सला हेच प्रश्न मेलवर विचारले, तर शुल्काचा तक्ता आला.

ताई, उत्तर लिहायला हवं असं नाही म्हणालात, तरी लिहितो. आजोबा सांगत होते की मुलाला तीनदा फोन केला, त्याने उचलला नाही. आई आजारी पडायच्या आधी दुपारी कामावर तिचा फोन यायचा. मी तो बऱ्याचदा उचलायचो नाही, म्हणायचो घरी गेल्यावर बोलू. मी त्या फोनसाठी रडलो. आजोबांसाठी नाही.

काल केंद्रात गेलो तेव्हा त्यांच्याजवळ बसलो आणि म्हणालो, परवा तुम्ही मुलाबद्दल सांगत होता आणि मी मध्येच उठलो, माझं चुकलं. ते चाळीस मिनिटं बोलले. मी उठलो नाही.

नकाशाही काढला. आईच्या शेवटच्या वर्षाचा. नातेवाईकांच्या पाच रेघा, पाचही तुटक. जाड रेघा दोनच, शेजारच्या काकू आणि त्या समाजसेविका ताई.

अर्ज सोमवारपर्यंत द्यायचा आहे. त्यात 'संबंधित अनुभव' असा रकाना आहे. तिथे केंद्राचे आठ महिने लिहिले. आईचं लिहावं का? ते तर घरचंच होतं.

---

निंबाचीसावली

लिहा. पण 'आईची सेवा केली' एवढ्यावर थांबू नका, कामं लिहा. साडेतीन वर्षं औषधांच्या वेळा सांभाळल्या, डॉक्टरांना काय विचारायचं ते आधी टिपून ठेवलं, मदतीचे अर्ज भरले, कूस बदलणं आणि जखमा होऊ न देणं शिकलात. यातलं खरोखर केलं असेल तेवढंच घाला. केंद्राकडून एकूण तासांचं आणि कामाच्या स्वरूपाचं पत्र घ्या, काही ठिकाणी आधीच्या अनुभवाबद्दल एखाद्या विषयात सूट मिळते. पत्रावर तारखा आणि सही आहे ना, एवढं पाहून घ्या. शुक्रवारीच मागा, सोमवारी सकाळी धावपळ होईल.