विषय: आई-बाबा यादी: नंबर गेलेत, आजच मदत हवी

सचिव (सध्या मुक्काम नाशिक, गंगापूर रोड)

सर्वांना नमस्कार.

२७ फेब्रुवारीच्या कार्यक्रमाच्या निमंत्रणासाठी आई-बाबा यादी, म्हणजे अमेरिकेतल्या आपल्या सभासदांच्या नाशिकमधल्या आई-बाबांचे पत्ते आणि नंबर, नीट करायला घेतली आणि मोठा घोळ झालाय. मंडळाच्या गूगल खात्यातले संपर्क सीएसव्हीत (साध्या मजकुराच्या तक्त्याच्या फाइलीत) उतरवून घेतले, एक्सेलमध्ये पत्ते दुरुस्त केले, सेव्ह केलं. दुसऱ्या दिवशी तीच फाइल उघडून मोबाइलच्या रकान्यावर 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' (दुबार नोंदी काढणं) चालवलं, खात्यातली जुनी यादी पुसली आणि ही चढवली. हे सहा दिवसांपूर्वीचं. आज फोन करायला बसले तर इंदिरानगर, पंचवटी, नाशिकरोड, सगळीकडच्या नंबरांच्या शेवटी नुसती शून्यं! ४१२ नोंदी होत्या, १३८ उरल्यात. मुलांच्या रकान्यातले अमेरिकेचे नंबर मात्र जसेच्या तसे आहेत.

कोणाकडे जुनी प्रत असेल तर लगेच पाठवा. इथे रात्रीचे साडेदहा झालेत, मी जागीच आहे.

खजिनदार

ताई, फोनचं राहू दे, ईमेल शाबूत आहेत ना? सगळ्यांना बीसीसीने, म्हणजे एकमेकांचे पत्ते न दिसता, पाठवून टाक. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० पत्त्यांपर्यंत जातात, म्हणजे एका दिवसात काम होईल. 'टू'मध्ये मात्र टाकू नकोस. दिवाळीला तसं झालं आणि सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना गेले. आपली म्हातारी माणसं घरात एकटी असतात, हे विसरून चालणार नाही.

हॉलचे पैसे मी सोमवारी भरले आहेत.

सचिव

दादा, ईमेल कुठले राहायला? डुप्लिकेट काढताना आख्खी ओळच जाते. आणि निम्म्या आई-बाबांना ईमेल आहे कुठे, फोनच करावा लागतो.

माजी सचिव (मूळचे जेल रोड)

ही यादी आम्ही २०१५च्या सिंहस्थात केली. पर्वणीला पंचवटीत गाड्या सोडत नव्हते, तेव्हा कोणाच्या आईचं औषध कोण पोचवणार या काळजीतून ती सुरू झाली. नाव, पत्ता, नंबर मी एकेकाला फोन करून भरलेत. कारभार सोपवताना सांगितलं होतं की मूळ फाइलीला हात लावायचा नाही, प्रत काढून त्यावर काम करायचं.

माझ्याकडची शेवटची प्रत गेल्या मार्चमधली आहे. पाठवतो, पण ती तशीच चढवू नका. त्यानंतर आपल्यातली काही माणसं गेली, त्यांची नावं तीत अजून आहेत. मागे एकदा जुन्या प्रतीवरून दिवंगत वडिलांच्या नावाने निमंत्रण गेलं होतं. त्या घरून आलेला फोन मी घेतला होता, आजही आठवला की वाईट वाटतं.

युवा समिती

मावशी, काका, जुनी प्रत चढवू नका, आधी हे करून बघा. कॉम्प्युटरवर गूगल कॉन्टॅक्ट्स उघडा. वर उजवीकडे चाकाचं चिन्ह आहे, त्यात 'अनडू चेंजेस' मिळेल. मागच्या ३० दिवसांत यादी ज्या वेळी जशी होती तशी परत आणता येते. तुम्ही सात दिवस मागे जा. मात्र या आठवड्यात कोणी नवीन नाव घातलं असेल तर आधी कागदावर उतरवून घ्या, कारण तेही निघून जाईल.

झालं काय ते सांगते. सलग आकडे दिसले की एक्सेल त्याला फोन नंबर न समजता संख्या समजतं आणि पुढचं अधिक चिन्ह उडवतं. ११ आकड्यांपर्यंतची संख्या ते पूर्ण दाखवतं. १२ झाले की पहिले पाच-सहा आकडे ठेवून बाकीचे आखडून टाकतं, आणि सीएसव्हीत जे दिसतं तेवढंच सेव्ह होतं. फाइल परत उघडली की उरलेल्या आकड्यांच्या जागी शून्यं येतात. अमेरिकेचा नंबर १ धरून ११ आकडी, आपल्याकडचा ९१ धरून १२. त्यामुळे मुलांचे नंबर राहिले आणि आई-बाबांचे गेले. सुरुवात सारखी असलेले नंबर एकच झाले, मग डुप्लिकेट म्हणून ती माणसंच यादीतून उडाली. ज्यांनी आकड्यांमध्ये मोकळी जागा सोडली होती त्यांचे नंबर वाचलेले दिसतील.

यापुढे सीएसव्हीवर डबल-क्लिक नको. एक्सेल उघडून 'डेटा', 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही', मग 'ट्रान्सफॉर्म'मध्ये जाऊन मोबाइलचा रकाना 'टेक्स्ट' करा. सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' घ्या, नाहीतर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. गूगल शीटमध्ये आणणार असाल तर इम्पोर्टच्या वेळी 'कन्व्हर्ट टेक्स्ट टू नंबर्स' या चौकटीतली खूण काढा. खरं तर शीटच बरी, लिंक सगळ्यांना देता येईल.

माजी सचिव

लिंक सगळ्यांना द्यायला माझा ठाम विरोध आहे. कोण एकटं राहतं, कोणत्या मजल्यावर राहतं, हे सगळं त्या यादीत आहे. दोघांकडे असावी, तिसऱ्याकडे नाही. आणि 'शेजारी' हा रकाना काढून टाका असं मी गेल्या सभेतही म्हटलं होतं. शेजाऱ्यांना न विचारता त्यांचे नंबर आपण का ठेवायचे?

कॉलेज रोडवाली वहिनी

भाऊजी, 'शेजारी' काढू नका, हात जोडते. दोन वर्षांपूर्वी सासरे न्हाणीघरात पडले. सासूबाईंना ऐकू कमी येतं, फोन उचलेनात. इथे मध्यरात्र. मी त्या रकान्यातून समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना फोन लावला, त्या चार मिनिटांत दारात होत्या. तो नंबर अर्धवट असता तर मी काय केलं असतं? परवानगी घ्यायची असेल तर घेऊ, प्रत्येकाने आपापल्या शेजाऱ्यांना विचारावं.

खजिनदार

वहिनी म्हणतात ते पटतं. आमच्या सातपूरच्या घराची किल्लीसुद्धा शेजारीच असते. २७ला तात्यासाहेबांच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या, जन्मदिवशी या शेजाऱ्यांनाही बोलवूया का? नाशिकमध्ये कार्यक्रम आणि त्यांना निमंत्रण नाही, हे बरं दिसत नाही. चहा-नाश्त्याचे वाढीव पैसे मी धरतो.

सचिव

परत आली! ४१२च्या ४१२. बाळा, तुला किती आशीर्वाद देऊ! सात दिवस मागे गेले आणि सगळे नंबर जागेवर. भाऊजी, आधी प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवली, मगच पुढचं काम केलं. तुमचं तेव्हाच ऐकायला हवं होतं. गेल्या मार्चनंतर कोणाकोणाचं निधन झालं ती नावं मला एकटीला कळवा, मी हाताने काढीन.

डुप्लिकेट आता फक्त ईमेलवरून शोधले, आधी ट्रिम आणि लोअर लावून (जास्तीच्या मोकळ्या जागा काढून, सगळी इंग्रजी अक्षरं लहान करून). जीमेलमध्ये मधला टिंब असला-नसला तरी पत्ता एकच असतो, त्यामुळे तीन जोड्या डोळ्यांनीच शोधाव्या लागल्या. नवरा-बायकोचा मोबाइल एकच असलेली बरीच घरं आहेत. त्यातलं एक नाव पुसायचं नाही, दोघांनाही निमंत्रण जायला हवं.

शेजाऱ्यांच्या परवानगीचं गुरुवारपर्यंत कळवा. पंचवटीतल्या चार घरचे फोन लागतच नाहीत, उद्या सकाळी रिक्षाने स्वतः जाऊन येते.