तिमाही व्याजावर महिना कसा बसवायचा? ऑगस्टमध्ये मुदत संपतेय, सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

वय 63, बायको 59. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून 2020 मध्ये निवृत्त झालो. ईपीएस-95 ची (पीएफवाल्यांची) पेन्शन महिना 2,640 रुपये. फंड-ग्रॅच्युइटीचे 14 लाख त्याच ऑगस्टमध्ये पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले. तेव्हा दर 7.4 टक्के होता, तिमाहीला 25,900 येतात. घर स्वतःचं, कर्ज नाही. महिन्याला सव्वाअकरा हजार पडतात, कागदावर बसतं.

पण पैसे महिन्याला येत नाहीत ना! एप्रिलला व्याज जमा झालं की गॅस, वीजबिल, मागची उधारी, कुणाचा तरी आहेर. जून येईपर्यंत किराणा वहीवर. परवा शेंगदाणे एक किलो सांगितले, दुकानदारानं अर्धाच बांधला. बोलला काही नाही, वही तेवढी पुढं सरकवली.

आता 2025 च्या ऑगस्टमध्ये पाच वर्षं पूर्ण होतात. सध्याचा दर 8.2, म्हणजे खातं तीन वर्षं वाढवलं तर तिमाहीला 28,700. बायको म्हणते, थोडे पोस्टाच्याच मासिक प्राप्ती योजनेत (व्याज दर महिन्याला) माझ्या नावावर ठेवा. तिचं खरं आहे. माझ्यामागं तिला पेन्शन निम्मीच मिळणार. पण तिथं दर 7.4. एक मित्र सांगतो, तीन वेगवेगळ्या महिन्यांत तीन ज्येष्ठ नागरिक खाती उघड, दर महिन्याला व्याज येईल. हे जमतं का?

(खर्च कमी करा असं कृपया सांगू नका. गोळ्या जनऔषधीतून आणतो. एसटीत तिला अर्धं तिकीट, मला 65 पर्यंत पूर्ण, म्हणून गारगोटीला ती एकटीच जाते.)

प्रतिसाद 1: काका, मित्राचं ऐकू नका. खातं कधीही उघडा, व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीतच मिळतं. काकूंना साठ पूर्ण नाहीत, त्यामुळे त्यांच्या नावावर आत्ता मासिक प्राप्तीच. खातं बंद करून 4 लाख तिकडं ठेवलेत तर महिन्याला 2,466 येतील. उरलेल्या 10 लाखांचं नवं खातं काढा, तिमाहीला 20,500. सगळं जुन्याच खात्यात वाढवण्यापेक्षा तीन महिन्यांत साधारण 800 कमी. फक्त एक बघा: वाढवलेलं खातं वर्षानंतर काही न कापता बंद करता येतं, नव्या खात्यात दुसऱ्या वर्षी मोडलं तर मुद्दलातून दीड टक्का जातो. दवाखान्यासाठी वेगळे पैसे आहेत का?

मूळ लेखक: वेगळे असे 40 हजार आहेत, बँकेत. 800 चं गणित मी केलंच नव्हतं. हिला दाखवलं, तर म्हणाली, "तेवढं वहीवर आपण सोडतोच." पोस्टात दोन्ही अर्ज एकाच दिवशी देता येतात का?