ऑफिसला काय घालून जाता? फजितीसकट लिहा!

रविवारी कपाट उपसलं. खास ऑफिससाठी म्हणून घेतलेले बावीस कुर्ते निघाले. त्यातले आलटून पालटून अंगावर चढतात ते सहा. बाकीच्यांपैकी काही टोचतात, काहींची इस्त्री रिक्षात बसेपर्यंतच टिकते, आणि एका सुंदर जांभळ्या कुर्त्याला खिसाच नाही म्हणून तो मनातून उतरलाय. दुकानातल्या आरशात झकास दिसलेलं ऑफिसात का रुसतं, हे पंधरा वर्षं नोकरी करूनही मला उमगलेलं नाही. तुमचं काय? जमलेलं, फसलेलं, सगळं येऊ द्या. पुरुषांनीही लिहा, 'आमचं काय, शर्ट-पँट' म्हणून सटकू नका.

चर्चगेटफास्ट: मी विरारहून रोज साडीत येते. हौस आहे. सुरुवातीला कडक खळीची मंगलगिरी नेसायचे. घरातून निघताना अशी रुबाबदार की बास, आणि अंधेरी येईतो पापडाचा चुरा! लिननचं तर नावच नको. मग महेश्वरीवर आले. तिच्यात रेशीम आणि सूत दोन्ही, त्यामुळे गर्दीत चुरगळली तरी उभी राहिलं की सावरते. पदराचा धडा मात्र महागात पडला. खांद्यावर निऱ्या घालून घट्ट पिन लावलेली, बोरिवलीला चढणाऱ्या एकीच्या पर्सचा हूक पदरात अडकला आणि पिनेपाशी टरकन फाटली. नवी कोरी होती हो. आता पदर कमरेला खोचून प्रवास, पिना ऑफिसच्या वॉशरूममध्ये. आणि ब्लाउज कोपरापर्यंत बाह्यांचा, इरकलीचा किंवा खणाचा. साधी साडीसुद्धा त्यावर उठून दिसते.

पुणेरीपँट: माझी फजिती छोटी आहे. पहिल्या मुलाखतीला थोरल्या भावाचा ब्लेझर घातला होता. खांद्याची शिवण दंडावर लोंबत होती आणि हात मिळवताना माझी फक्त बोटंच बाहेर आली. नोकरी मिळाली, पण पुढे ओळख झाल्यावर मॅनेजर म्हणाले, "आधी ब्लेझर आत आला, मग तू." तेव्हापासून महागडा शर्ट घेत नाही. मध्यम किमतीचा, पण खांद्यात बसणारा घेतो. खांदा दुरुस्त करणं कटकटीचं असतं, बाकी कंबर-बाही शिंपी नीट करतो. घोट्याशी गोळा होणारी पँटही त्याच्याकडेच जाते.

कारकून: आम्ही तालुक्याच्या गावी, सरकारी नोकरीत. डिसेंबर २०२० मध्ये शासनाचं परिपत्रक आलं: जीन्स, टी-शर्ट नको, विचित्र नक्षीचे कपडे नकोत, पायात स्लिपर नको, आणि निदान शुक्रवारी खादी. जीन्सवाले चरफडले, मी खादी भांडारात गेलो. मापाचा सदरा घेतला, घरी नेऊन धुतला आणि तो धाकट्याच्या मापाचा झाला! दुसरा घेतला तो ढगळ घेऊन आधी रात्रभर पाण्यात घातला. गंमत म्हणजे उन्हाळ्यात लाइट गेले की ऑफिसात सगळ्यात कमी घाम मलाच येतो. आता सोमवारीही घालतो, परिपत्रक असो नसो.

काळाकोट: तुम्हाला निवड तरी आहे. आम्हा वकिलांना नाही. अकोल्याचा मे महिना आणि काळा कोट! उन्हाळ्यात खालच्या कोर्टात कोट सक्तीचा नसतो, पण हायकोर्टात ती सवलत नाही. नागपूरला तारीख असली की कोट हातावर टाकून पायऱ्या चढायच्या. माझी सगळी ऐट गळ्यातल्या पांढऱ्या बँडमध्ये. दोन जोड, नीळ घालून धुतलेले, एक कायम बॅगेत. पिवळट बँड घातलेला वकील पाहिला की मला त्याची फाइलही विस्कटलेलीच असणार असं वाटतं. (अन्याय आहे, मान्य.)

चर्चगेटफास्ट: पावसाळ्याचं राहिलंच. सपाट स्लिपर घालून चालू नका, पोटरीपर्यंत मागून चिखलाची नक्षी उमटते आणि ती आपल्याला दिसत नाही, मागच्यांना दिसते. येताना पट्ट्याचे रबरी सँडल, टेबलाखालच्या खणात कोरडी चप्पल. कोल्हापुरी जून ते सप्टेंबर घरीच. एकदा भिजून तिचा पुठ्ठा झालाय.

थंडोबा: शिकागोहून. इथे कपड्यांच्या तीन थरांत यायचं आणि आत हीटर म्हणून दोन उतरवायचे. म्हणून सगळ्यात आतला शर्ट चांगला हवा. मी एकदा आत कॉलेजच्या गॅदरिंगचा टी-शर्ट घातला होता. मागे 'ढोल-ताशा' लिहिलेलं. दिवसभर स्वेटर काढला नाही, घामाने भिजलो.

सुईदोरा: चर्चा सुरू करणाऱ्या ताईंना, तो जांभळा कुर्ता देऊन टाकू नका. उजवीकडच्या शिवणीत खिसा लावून मिळतो. कापड तिथल्याच रंगाचं न्या आणि शिंप्याला मोबाइल काढून दाखवा, नाहीतर तो सुट्ट्या पैशांपुरता लावून ठेवतो.